भावाने झगा उतरवला. आता तो आपल्यातला राहिला नाही का?

वसई भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४६. त्यांचा ४२ वर्षांचा धाकटा भाऊ तेरा वर्षं धर्मप्रांताचा फादर होता. चौदा महिन्यांपूर्वी तो बिशपांच्या नावे चिठ्ठी ठेवून निघून आला. सध्या नालासोपाऱ्यात खोली घेऊन राहतो, क्लासमध्ये गणित शिकवतो. एका कॅथलिक शिक्षिकेशी तो रजिस्टर लग्न करणार आहे. ब्रह्मचर्यातून मोकळं करावं असा अर्ज त्याने रोमकडे, म्हणजे पोपकडे, केलेला नाही. 'वर्षानुवर्षं कोण थांबणार,' म्हणतो. आई ७३ वर्षांच्या. दोन मुलींनंतर मुलगा झाला तर देवाला देईन, असा त्यांनी वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) नवस केला होता. आता त्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसतात आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेत नाहीत. काका म्हणतात, तो चर्चबाहेर फेकला गेला, उद्या मेला तर दफनभूमीत जागा मिळणार नाही, वाडीत त्याचा हिस्साही नाही. चुलतभाऊ म्हणतो, सरळ दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जा आणि तिथे लग्न कर. ताई विचारतात: भाऊ अजून कॅथलिक आहे का? मी त्याच्या लग्नाला जावं का? आणि आईचं काय करू?

ताई,

तुमच्या चार पानांत एक शब्द सारखा येतो: उतरला. झगा उतरवला, अल्तारावरून उतरला, लोकांच्या नजरेतून उतरला, आणि शेवटी 'आपल्यातून उतरला'. पहिली गोष्ट खरी आहे. शेवटची खरी नाही, आणि तुमच्या घरातलं निम्मं दुःख तिथूनच आलंय.

माणूस चर्चचा होतो तो बाप्तिस्म्याने. चर्चच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं, ९६ वं कलम हेच सांगतं. गुरुदीक्षेने, म्हणजे फादर होण्याच्या संस्काराने, कुणी चर्चचा सभासद होत नाही. तुमचा भाऊ फादर झाला त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, आईच्या कडेवर असताना, कॅथलिक झाला होता. जे गुरुदीक्षेने मिळालंच नव्हतं ते झग्याबरोबर जाईल कसं?

बाप्तिस्म्याचं रजिस्टर तुम्ही कधी जवळून पाहिलंय का? चर्चच्या न्यायालयात वकील म्हणून काम करत असताना मी अशी बरीच रजिस्टरं चाळली. एका ओळीत बाळाचं नाव, आईबापाचं नाव, गॉडफादर-गॉडमदर, तारीख. बाजूला समास मोकळा सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचं दृढीकरण झालं, लग्न झालं, गुरुदीक्षा झाली, की ती नोंद तिथे घालायची असा नियम आहे (कलम ५३५). एका पानावर मी पाहिलं होतं: नावासमोर निळ्या शाईत गुरुदीक्षेची तारीख, तिच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात रोमहून आलेल्या परवानगीची तारीख, आणि त्याखाली काळ्या शाईत लग्नाची. एवढं सगळं त्या चार बोटांच्या समासात. मूळ नावावर मात्र रेघ नव्हती. बाप्तिस्मा खोडायची सोय कायद्यात नाहीच.

आता काकांचं म्हणणं. ते मनाचं काही सांगत नाहीत. १९१७ च्या जुन्या संहितेत, कलम २३८८ प्रमाणे, फादरने लग्न करायचा प्रयत्न केला तर तो आपोआप एक्सकम्युनिकेट होत असे, म्हणजे त्याला चर्चचे संस्कार बंद होत. काकांच्या लहानपणी तोच कायदा होता, आणि घरातल्या मोठ्यांकडून त्यांनी तेच ऐकलं असणार. पण २७ नोव्हेंबर १९८३ पासून नवी संहिता लागू झाली. तिच्या १३९४ व्या कलमात फादरने लग्न करू पाहिलं, मग ते नुसतं रजिस्टर का असेना, तर आपोआप लागणारी शिक्षा आहे ती निलंबनाची. एक्सकम्युनिकेशनची नाही. आणि एक्सकम्युनिकेट झालेला माणूसही चर्चबाहेरचा होत नाही. त्याला संस्कार घेता येत नाहीत, पण त्याचा बाप्तिस्मा तसाच राहतो. वाळीत टाकणं आणि जातीबाहेर काढणं हा आपल्याकडचा अनुभव आपण चर्चच्या कायद्यावर चढवतो, म्हणून हा घोटाळा होतो.

दफनभूमीचंही तेच. अंत्यविधी कुणाला नाकारायचा हे ११८४ व्या कलमात आहे: उघडपणे श्रद्धा सोडलेले, ख्रिस्ती श्रद्धेला विरोध म्हणून दहन निवडलेले, आणि ज्यांच्या विधीने लोकांच्या श्रद्धेला उघड धक्का बसेल असे. त्यातही मरणाआधी पश्चात्तापाची काही खूण दिसली असेल तर दार बंद होत नाही. बेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाच्या दफनाची काळजी आजपासून करू नका, ताई. आईंच्या समोर तर तो विषय कुणी काढूच नये.

पण सगळं ठीकच आहे असं सांगून मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. रोमची परवानगी नसताना केलेलं हे लग्न सरकारदरबारी पूर्ण कायदेशीर असेल. चर्चच्या लेखी ते लग्नच होणार नाही, कारण गुरुदीक्षा हाच लग्नातला अडथळा आहे (कलम १०८७). मग भावाला कम्युनियन घेता येणार नाही. आणि तिलाही नाही. तुमच्या चार पानांत तिच्याबद्दल एकच ओळ आहे, 'मुलगी शिक्षिका आहे'. या सगळ्याचा तिच्यावर काय परिणाम होणार हे तिला कुणी नीट सांगितलंय का? मला वाटतं, भावाशी बोलायच्या आधी तिच्याशी चहा घेत तासभर बोला. ती निर्णय घेतेय तो डोळे उघडे ठेवून घेते आहे ना, एवढंच बघा.

चुलतभावाचा सल्ला मात्र मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, तो प्रेमापोटी दिला असला तरी. दुसऱ्या पंथात गेल्याने गुरुदीक्षेचा अडथळा सुटत नाही. १९८३ ते २००९ या काळात, ज्याने चर्च औपचारिकपणे सोडलंय त्याला लग्नाच्या काही नियमांतून सूट होती. गुरुदीक्षेचा नियम त्यातही नव्हता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये ती सूटही काढून टाकली. आणि श्रद्धा सोडून किंवा फुटून दुसरीकडे गेलं तर १३६४ व्या कलमाखाली एक्सकम्युनिकेशन आपोआप लागतं. म्हणजे काकांना ज्याची भीती वाटते ते खरोखर घडवणारा हा एकच रस्ता आहे. मनापासून तिकडची श्रद्धा पटली असेल तर गोष्ट वेगळी; ती ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाची बाब आहे. पण लग्नाचा दाखला मिळावा म्हणून पंथ बदलू नये, हे भावाला माझ्या वतीने नक्की सांगा.

मग 'उतरला' या शब्दाकडे परत येते, कारण तो नुसता शब्द नाही. आपण मनात एक जिना धरलाय: वर बिशप, मग फादर, मग सिस्टर, आणि तळाला आपण संसारी माणसं. कायद्यात हा जिना नाही. २०७ वं कलम श्रद्धावंतांत दोन प्रकार सांगतं, दीक्षित सेवक आणि प्रापंचिक. आणि लगेच पुढचं, २०८ वं कलम म्हणतं की बाप्तिस्म्यामुळे या सगळ्यांची प्रतिष्ठा खरोखर समान आहे. तुमच्या मावशी सिस्टर आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांची दीक्षा झालेली नाही, त्यांनी व्रतं घेतली आहेत. तेव्हा फादर आणि प्रापंचिक एवढीच विभागणी केली तर मावशी तुमच्याच बाजूला येतात. आजवर कुणाला त्या 'खालच्या' वाटल्या का? भावाला परवानगी मिळाली तर तो प्रापंचिकांत येईल, म्हणजे जिथे तुम्ही आहात, मी आहे, तुमच्या आई आहेत. ही जागा खालची आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर भावाआधी स्वतःबद्दल थोडा विचार करा.

आणि गुरुदीक्षा तरी कुठे पुसली जाते? २९० वं कलम सांगतं की एकदा वैध रीतीने झालेली दीक्षा कधीही अवैध होत नाही. जातात ते त्या पदाचे हक्क आणि कर्तव्यं. मिस्सा करायची नाही, पापनिवेदन ऐकायचं नाही. याला एकच अपवाद ठेवलाय. समजा उद्या विरार लोकलमध्ये, शर्ट-पँटमध्ये उभ्या असलेल्या तुमच्या भावासमोर एखादा कॅथलिक माणूस छातीत कळ येऊन कोसळला आणि त्याने पापांची क्षमा मागितली. तर तुमचा भाऊ त्याला क्षमा देऊ शकतो, ती पूर्ण खरी ठरते (कलम ९७६). देऊ शकतो एवढंच नाही, मरणाच्या दारातल्या माणसाचं ऐकणं हे प्रत्येक धर्मगुरूचं कर्तव्य आहे (कलम ९८६). झगा असो वा नसो. काकांना हे एकदा सांगून बघा.

आता करायचं काय. माझं मत स्पष्ट आहे: रजिस्टर लग्नाची तारीख पुढे ढकलावी आणि आधी अर्ज करावा. तुम्ही किंवा आई हा अर्ज करू शकत नाही. तो भावाने स्वतः सही करून पोपमहाशयांच्या नावे लिहायचा आणि बिशपांकडे द्यायचा. १९८० मध्ये रोमने ठरवून दिलेली पद्धत अशी की बिशप एका धर्मगुरूची चौकशीसाठी नेमणूक करतात. ते अर्जदाराला शपथेवर प्रश्न विचारतात, सेमिनरीच्या, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाच्या, काळातली कागदपत्रं मागवतात, घरच्यांचं, सोबत्यांचं, वरिष्ठांचं म्हणणं लिहून घेतात. मग बिशपांच्या अभिप्रायासह सगळी फाइल रोमला जाते. ब्रह्मचर्यातून मोकळीक फक्त पोप देऊ शकतात (कलम २९१), त्यामुळे इथे कुणाच्या ओळखीने काम होत नाही. जॉन पॉल दुसरे यांच्या काळात चाळिशीच्या आतल्यांचे अर्ज सहसा पुढे सरकत नसत. तुमचा भाऊ तर ४२ चा आहे. थांबावं लागेल हे खरं. पण परवानगी आली की तो चर्चमध्ये लग्न करू शकेल, दोघं एकत्र कम्युनियन घेऊ शकतील.

नुसतं गप्प राहणं हाही त्याने निवडलेला एक पर्यायच आहे, आणि तो बरा नाही. ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंडविधानात असं आहे की, चर्चच्या अधिकाऱ्यांपासून दूर होण्याच्या हेतूने एखाद्या दीक्षिताने सलग सहा महिने आपली सेवा सोडली तर शिक्षा होऊ शकते, गंभीर प्रकरणात पदावरून कायमची बडतर्फीही. चौदा महिने झालेत. आपण होऊन मागितलेली मोकळीक आणि शिक्षा म्हणून झालेली बडतर्फी, दोन्हींनी झगा जातो. पण बडतर्फीने ब्रह्मचर्याचं बंधन आपोआप सुटत नाही. बिशपांच्या भेटीला जायला त्याला लाज वाटत असेल. त्याच्या सेमिनरीतला, त्याला ओळखणारा एखादा फादर सोबत घेऊन जावं. असा एक तरी मित्र असतोच.

परवानगीच्या पत्रात अटी असतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. प्रवचन द्यायचं नाही, कम्युनियन वाटायला उभं राहायचं नाही, सेमिनरीत शिकवायचं नाही, लग्न गाजावाजा न करता. जिथले लोक फादर म्हणून ओळखतात तिथे शक्यतो राहू नये अशीही अट असते, पण तीत बिशप सवलत देऊ शकतात. नालासोपाऱ्यात राहून वसईत आईला भेटायला येण्याबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल.

त्याने ऐकलं नाही आणि रजिस्टर लग्न केलंच, तर तुम्ही जावं का? जायला मनाई करणारं कलम कॅनन लॉमध्ये नाही. मी तुमच्या जागी असते तर सहीच्या टेबलापाशी गेले नसते, जेवायला नक्की गेले असते, आणि दोघांना घरी बोलावलं असतं. स्पेशल मॅरेज ॲक्टप्रमाणे तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तिथे तुमचं नाव असावं की नाही हे तुमच्या मनाने ठरवा. लग्नानंतरही रोमकडे अर्ज करता येतो, आणि परवानगी आली की चर्चमध्ये दोघांनी नव्याने संमती देऊन ते नातं नियमित करता येतं. दार बंद होत नाही, लांबचा फेरा पडतो.

वाडीचा प्रश्न कॅनन लॉचा नाही, देशाच्या कायद्याचा आहे. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचर्य आणि बिशपांची आज्ञा पाळण्याचं वचन देतात; दारिद्र्याचं व्रत संन्यासी संघातल्यांचं असतं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश आईंचा आणि उरलेलं सगळ्या मुलांत सारखं. मुलींतही सारखं, ताई. फक्त गुरुदीक्षेच्या वेळी भावाने हक्कसोडपत्र करून दिलं होतं का ते बघा. बऱ्याच घरांत करतात. सातबारा काढला की कळेल.

आईंबद्दल मी शेवटी लिहितेय, कारण पत्र वाचून झाल्यावर माझ्या डोळ्यांपुढे त्याच राहिल्या. त्या कम्युनियन घेत नाहीत त्याला कुठलंही कारण नाही. ज्याला कायद्याने मनाई नाही अशा कुठल्याही बाप्तिस्मा झालेल्या माणसाला कम्युनियन दिलंच पाहिजे, असं ९१२ वं कलम म्हणतं. मुलाने घेतलेल्या निर्णयाची शिक्षा आईला, असं कुठेच नाही. त्यांना कुणी अडवलेलं नाही. त्यांनी स्वतःला अडवलंय, आणि मला वाटतं ते त्या नवसामुळे. देवाला दिलेलं परत गेलं, आता देव माझ्याकडे बघणार नाही, असं त्यांना वाटत असेल.

ताई, नवसाबद्दलही कायदा बोलतो, आणि फार मायेने बोलतो. ११९३ वं कलम एका ओळीचं आहे: नवस मुळात फक्त तो करणाऱ्यालाच बांधतो. आईने जन्माआधी बोललेला नवस मुलाला कधीच बांधत नव्हता. १०२६ वं कलम सांगतं की दीक्षा घेणारा मोकळा असला पाहिजे, कुठल्याही कारणाने कुणाला त्यात ढकलणं निषिद्ध आहे. आणि जीवनाची वाट निवडताना प्रत्येक श्रद्धावंताला कुठल्याही जबरदस्तीपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, हे २१९ वं कलम. आईंनी जबरदस्ती केली असं मी म्हणत नाही. पण 'तू देवाचा आहेस' हे ज्याने तीन-चार वर्षांचा असल्यापासून ऐकलं, त्याने सेमिनरीत नाही म्हणायचं कसं? हे तुम्हीही कधीतरी मनात म्हणून पाहिलं असणार, नाहीतर नवसाची गोष्ट पत्राच्या पहिल्याच पानावर आली नसती. भावाने अर्ज केला तर चौकशी करणारे फादर तुम्हाला बोलावतील, कदाचित आईंनाही. तेव्हा हे लपवू नका. कुणाला दोषी ठरवण्यासाठी तो जबाब नसतो. भावाच्या बाजूने खरं काय ते रोमला कळावं म्हणून असतो. नवसामुळे दीक्षाच रद्द ठरेल अशी आशा मात्र धरू नका. दीक्षा मुळात झालीच नव्हती असा निकाल फार क्वचित लागतो आणि त्याला याहून कितीतरी मोठा पुरावा लागतो.

आईंसाठी एक काम लगेच करता येईल. खासगी नवसातून मोकळं करण्याचा अधिकार तुमच्याच धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना आहे (कलम ११९६), रोमपर्यंत जावं लागत नाही. त्यांची वेळ घ्या, रविवारची नको, गर्दी असते. मधल्या वारी, संध्याकाळच्या मिस्सानंतर. आईंना सोबत घेऊन जा आणि नवस कधी केला, कुठे केला, काय शब्द वापरले, हे त्यांनाच सांगू द्या. तुम्ही बाहेर थांबा. त्या घरी येताना काही बोलल्या नाहीत तरी विचारू नका. पुढच्या रविवारी फक्त त्यांच्या शेजारी, त्याच शेवटच्या बाकावर बसा, आणि कम्युनियनची रांग लागली की त्यांच्यासाठी वाट मोकळी करून उभ्या राहा.